गोदामातला नफा

जावईबापूंनी कारखाना हाती घेतला आणि खुर्च्यांना बरकत आली. गिऱ्हाइकं होती तेवढीच राहिली. खुर्च्या मात्र दुपटीने निघू लागल्या.

यात वेडेपणा नव्हता. भाडं, वीज, पगार हा सगळा खर्च बनलेल्या खुर्च्यांवर वाटला जातो. जी खुर्ची विकली जात नाही ती आपल्या वाट्याचा खर्च मांडीवर घेऊन गोदामात बसते आणि त्या वर्षीच्या नफ्याला हात लावत नाही. जितका माल पडून, तितका ताळेबंद गुटगुटीत. चोरी नाही, खोटी सही नाही. बोनस नफ्यावर ठरलेला, मग माणूस नफाच पिकवणार.

आज संचालकांची सभा होती. हिशेब मंजूर झाले की बोनस रोख जायचा, आणि रोख उरली होती ती कामगारांच्या पुढच्या पगारापुरती.

अध्यक्षपदी सासरे. शेजारी ऑडिटर. समोर नवी संचालिका, अध्यक्षांची धाकटी बहीण, म्हणजे जावयाची आतेसासू. मंडळावर एक बाई हवी होती, म्हणून भावाने घरचीच बसवली; निमूट सह्या करील असा अंदाज. उभी हयात तिने विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळण्यात घालवली होती, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

"नफा झकास आहे हो, जावईबापू. दृष्ट लागावी असा."

"तुमचा आशीर्वाद, आत्या."

"माझा कसला? गोदामाचा. सकाळीच जाऊन आले. पाय ठेवायला जागा नाही."

"माल आहे तो. मालमत्ता."

"नाही कोण म्हणतंय? बोनस मंजूर, अगदी पुरता. फक्त रोख नको, खुर्च्या न्या. हिशेबात लावलीय त्याच किमतीला."

"मी काय करू एवढ्या खुर्च्यांचं?"

"विका. मालमत्ता आहे ना?"

जावईबापू धंद्यात मुरलेले. पण घासाघीस सुरू झाली की मुरलेल्या माणसाचीही जीभ डोक्याच्या पुढे पळते.

"ह्या भावाने? अहो, बाजारात निम्म्यालाही कोणी हात लावत नाही!"

ऑडिटरने चहाचा कप बाजूला सारला आणि पेनाचं टोपण काढलं.

"निम्म्यालाही नाही म्हणालात ना? मग आम्हालाही निम्म्याखालीच धराव्या लागतील. विकून येईल त्याहून जास्त किंमत लावता येत नाही."

गणितात जावईबापू पक्के, त्यामुळे चेहरा लगेच उतरला. किंमत निम्म्याखाली म्हणजे नफा गेला, आणि नफ्यामागून बोनसही. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"अगं, वर्षभर राबलाय तो," अध्यक्ष म्हणाले.

"राबलाय की! आपण गूळ ठेवला तिथे गेला बिचारा. गूळच हलवू या. पुढच्या वर्षीपासून बोनस वसुलीवर. गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष दिलेल्या पैशावर."

जावईबापूंनी खुर्ची पुढे ओढली.

"किती टक्के?"

"एक."

"दोन करा, गोदाम झाडून दाखवतो."

"दीड. आणि आवाज खाली."

"लिहा दीड!" जावईबापूंच्या तोंडावर रंग परतला. विकणं त्यांना मुळातच जमत होतं. आजवर कोणी त्याचे पैसे देत नव्हतं, इतकंच.

"चला, मिटलं," म्हणत अध्यक्ष उठले.

"बस रे दादा. तुझं कमिशनही नफ्यावरच ना? गेल्या वर्षीचं तर उचललंस."

"ते वेगळं आहे."

"वेगळं कसं? गेल्या वर्षीचा मालही तिथेच धूळ खातोय."

"आत्ता काढायचं हे? जावयासमोर?"

"मग घरी काढू? वहिनीसमोर? ती माझ्यासारखी मऊ नाही."

अध्यक्ष खाली बसले. पैसे परत करण्याचा ठराव त्यांनी स्वतःच मांडला, आणि जावईबापूंनी त्याला अनुमोदन दिलं, जरा जास्तच उत्साहाने.