सात जणांचे पासवर्ड

इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात कॉम्प्युटर होता, तरी जुना केसपेपर हवा असला की लोक कोशकाकांनाच गाठत. पेशंटचं आडनाव सांगितलं की काका मान वर न करता कपाट आणि कप्पा सांगून मोकळे. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं.

एका रविवारी संगणक विभागाच्या सिस्टीमबाईंनी जवळजवळ सगळ्या मशिनांवर नवं सॉफ्टवेअर चढवलं. डेटाबेसशी बोलणारं जुनं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच बंद केलं होतं, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. सोमवारी सकाळी बहुतेक सगळं सुरळीत दिसलं आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात काकांचा फोन आला.

"बाई, आत घेत नाहीये. पासवर्ड चुकीचा म्हणतंय."

"कॅप्स लॉक बघा, काका."

"बघितला. बंद आहे."

"मग नीट आठवून टाका."

तीनदा चुकला की खातं कुलूपबंद व्हायचं. बाईंनी ते दोनदा उघडून दिलं. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्या वैतागून स्वतःच खाली गेल्या. काका खुर्चीतून उठून बाजूला उभे राहिले. कपाळावर घाम होता.

"चौदा वर्षं तोच आहे, बाई. बोटांना पाठ आहे."

"बोटंसुद्धा म्हातारी होतात, काका!" बाई म्हणाल्या, आणि आजूबाजूची चार माणसं हसली. काकाही हसले. बाईंनी नवा पासवर्ड दिला. तो पहिल्या फटक्यात लागला.

"बघा, सिस्टीमला काही झालेलं नाही."

"हो," काका स्क्रीनकडे बघत म्हणाले. "लागला की."

दोन आठवड्यांनी काकांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. नोकरीची अजून तीन वर्षं होती. कोणी विचारलं तर म्हणायचे, "आता दगदग झेपत नाही." अर्ज महिन्याच्या आत मंजूर झाला. निरोपाला बाईंना जायचं होतं, पण नेमकी त्या दिवशी मीटिंग निघाली.

त्यानंतर आठवड्याभराने लॅबचं रिपोर्ट छापणारं मशीन अडलं. लॅब चोवीस तास चालते म्हणून ते एक मशीन त्या रविवारी वगळलं होतं. आता त्यावर नवं सॉफ्टवेअर घातलं, तर तेही तेच सांगू लागलं: पासवर्ड चुकीचा. पण इथे पासवर्ड टाकणारं माणूस नव्हतंच. तो एका फाईलमध्ये लिहिलेला होता आणि प्रोग्राम तिथून वाचून घ्यायचा. बाईंनी फाईल उघडून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. पासवर्ड बरोबर होता.

दोन दिवस त्या त्याच्या मागे लागल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला. सर्व्हर पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा एक ठसा करून ठेवतो. बारा वर्षांपूर्वी ठसा करायची पद्धत बदलली होती. त्याआधीपासून ज्यांनी पासवर्ड बदललाच नव्हता, त्यांचे ठसे जुन्या धाटणीचे होते, आणि नवं सॉफ्टवेअर ते ओळखत नव्हतं. ओळखत नाही असं सांगायचं सोडून सरळ माणसालाच चुकीचा ठरवत होतं. पासवर्ड नव्याने दिला की नवा ठसा तयार व्हायचा आणि सगळं चालू.

त्या रविवारनंतरच्या आठवड्यात कोणाकोणाचे पासवर्ड बदलले, त्याची यादी बाईंनी काढली. सात नावं होती. सहा जणांचे बाईंच्या हाताखालच्या सहाय्यकांनी परस्पर बदलून दिले होते. सातवं नाव काकांचं, आणि त्यापुढे बदलून देणाऱ्याच्या रकान्यात बाईंचं स्वतःचं.

त्याच दुपारी त्या काकांच्या घरी गेल्या. दार काकूंनी उघडलं. आत जिकडेतिकडे चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. दारावर 'किल्ली घेतली का?', नळावर 'बंद केला का?', भिंतीवरच्या फोटोत प्रत्येक चेहऱ्याखाली नाव. काका वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"त्यांचे थोरले भाऊ असेच गेले," काकू हळूच म्हणाल्या. "आधी छोट्या छोट्या गोष्टी, मग माणसं. शेवटी वहिनींनाच विचारायचे, तुम्ही कोण. हे त्या सोमवारी घरी आले ते पांढरेफटक. म्हणाले, माझंही सुरू झालं."

बाईंनी सगळं सांगितलं, शक्य तितकं सोप्पं करून. सांगताना एकदाही मान वर केली नाही.

"म्हणजे मी बरोबरच टाकत होतो?"

"हो, काका. प्रत्येक वेळी."

"नऊ वेळा टाकला होता," काका म्हणाले. बराच वेळ ते वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. "डॉक्टर म्हणाले होते काही नाही म्हणून. मला वाटलं, धीर देतायत."

"माझं चुकलं, काका. मी तशी थट्टा करायला नको होती."

"अहो, सगळेच हसले. मीसुद्धा हसलो." त्यांनी हात हलवून विषय सोडून दिला. "नातीला शाळेतून आणायला जायचो रोज. तेही बंद केलं. रस्त्यात मीच तिला विसरलो तर?"

काकू आत निघून गेल्या. नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

बाईंनी कार्यालयात सगळं लेखी दिलं, वरच्या साहेबांपुढे हात जोडले. निवृत्ती मागे घेता येत नाही, असं उत्तर आलं. काकांची जागाच रद्द झाली होती. हेही सांगायला त्याच गेल्या. काका फक्त "बरं" म्हणाले.

त्यानंतर एकदा बाईंना ते शाळेच्या रस्त्यावर दिसले. नातीचा हात काकूंनी धरला होता. काका दोन पावलं मागून चालत होते, आणि नात बोलवत होती तरी पुढे येत नव्हते.