माझा चुकलेला बुधवार

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या खणात, बटणांचा डबा आणि बंद पडलेली टॉर्च यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला डाव्या कोपऱ्यात तडा गेला आहे, पाठीचं झाकण रबरबँडने आवळलेलं आहे आणि अंगात जोर म्हणाल तर बेताचाच. आठवड्यातून एकदा मला चार्जरला लावतात. एरवी माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

एका लांबलचक कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. मला घडवणाऱ्या हातांचे चेहरे मी पाहिले नाहीत, कारण माझा कॅमेरा सगळ्यात शेवटी बसवला. मग खोक्यात बंद होऊन मी एका दुकानात आलो आणि तिथून धाकटीच्या घरी.

धाकटीची पन्नाशी उलटली होती, तरी घरात तिला धाकटीच म्हणत. ती एका कारखान्यात भरतकामाच्या मोठ्या मशीनवर काम करायची. सुया आणि दोरे हाताळून तिच्या अंगठ्याला घट्टे पडले होते. तो अंगठा काचेवर टेकला तरी मला पटकन कळायचा नाही, दोनदा तीनदा दाबावं लागायचं. "हा फोन माझ्यासारखाच हट्टी आहे," असं ती कौतुकाने सांगायची, आणि मी फुशारून जायचो.

घरात तिची थोरली बहीण होती. त्या ताई. आईच्या मागे ताईंनीच धाकटीला वाढवलं होतं. ताईंचा आवाज खणखणीत होता. त्या स्वयंपाकघरातून बोलल्या तर जिन्यावर ऐकू यायचं. ताईंचा मुलगा, म्हणजे धाकटीचा भाचा, मला वठणीवर आणायचं काम करी. मधूनच माझ्यावर इंग्रजीत काही सूचना उमटली की धाकटी घाबरून त्याला हाक मारायची. शेवटी कंटाळून त्याने सांगून टाकलं, "मावशी, असलं काही आलं की वाचत बसायचं नाही. सरळ ओके दाबायचं." तेव्हापासून ती तेच करू लागली.

मग दोन गोष्टी एकदमच घडल्या. ताईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल. आणि त्याच सुमारास धाकटीला कारखान्याने परदेशी पाठवायचं ठरवलं. तिकडच्या नव्या कारखान्यात तशीच मशीन बसली होती आणि तिथल्या बायकांना शिकवायला धाकटीसारखी दुसरी जाणकार नव्हती.

"मी नाही जात," धाकटी म्हणाली.

"इथे बसून काय माझा घसा दाबून धरणार आहेस?" ताई कडाडल्या. "इतकी वर्षं मशीनशी झटलीस, आता बोलावणं आलंय तर पाय ओढतेस होय? गुरुवारी ऑपरेशन आहे ना? बुधवारी दुपारी दोन वाजता फोन कर. काय बोलायचं ते पोटभर बोलून घेऊ."

असं ठरलं, मित्रांनो. बुधवार, दुपारी दोन. घरचं सिमकार्ड परदेशात चालणार नव्हतं. तिथल्या मुक्कामाच्या खोलीत वायफाय होतं, त्यावरून फोन करायचा होता. धाकटी मला पर्समध्ये घालून विमानात बसली.

परदेशात उतरल्यावर मी माझं घड्याळ आपणहून चार तास पुढे केलं. आम्हा फोनांना ते शिकवावं लागत नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीत एक खिडकी आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत. धाकटीला तिथली भाषा येत नव्हती. कारखान्यात ती हातवारे करून शिकवायची आणि खोलीत आल्यावर दिवसभराचं साचलेलं बोलणं माझ्याशी बोलायची. म्हणजे माझ्यातून ताईंशी.

मंगळवारी सकाळी कामावर जाण्याआधी सात वाजता तिने ताईंना फोन लावला. घरी पहाटेचे तीन वाजले होते. झोपेतून उठलेल्या ताईंनी तिला असं काही फैलावर घेतलं, की मीच थोडा गरम झालो. "घड्याळ बघत जा जरा! दवाखान्यात जायच्या आधीच मारशील मला."

धाकटीला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तिने ठरवलं की आता माझ्यात घरचीच वेळ ठेवायची, म्हणजे ताई उठल्या असतील की नाही हे बघितल्याबरोबर कळेल. कुणाला न विचारता तिने माझं आपोआप चालणारं घड्याळ बंद केलं आणि चष्मा न लावताच अंगठ्याने वेळेची चाकं फिरवू लागली. तास बरोबर लागले. पण तो घट्टे पडलेला अंगठा शेजारच्या वर्षाच्या चाकावर घसरला आणि वर्ष एकाने मागे गेलं.

त्या क्षणी मी मागच्या वर्षात जाऊन पडलो. मागच्या वर्षी त्या तारखेला सोमवार होता, म्हणून माझ्या तोंडावर सोमवार आला. आणि जो फोन वर्षच चुकीचं दाखवतो, त्याला बाहेरचं जग आत घेत नाही. निरोप येत नाही, जात नाही, फोन लागत नाही. मी पुन्हा पुन्हा सांगत होतो, "तुमच्या फोनची तारीख चुकीची आहे." पण इंग्रजीत. धाकटीने इमानदारीत ओके दाबलं.

संध्याकाळी फोन लागेना. "नेट धड नाही इथलं," ती म्हणाली. मग तिची नजर वारावर गेली. इथे मंगळवार आणि घरी सोमवार? क्षणभर ती बुचकळ्यात पडली. पण घर चार तास मागे आहे हे तिला माहीत होतं. असेल, वारही मागे असेल, असं तिने मनाला समजावलं. माझ्यावर तिचा फार विश्वास होता. त्या विश्वासाची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. घरी दोन वाजले तेव्हा धाकटी नुकतीच कामावरून आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मंगळवार दाखवत होतो. "उद्या बोलायचंय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि कपडे धुवायला बसली. मी खुर्चीवर पडून होतो. ताई फोन घेऊन बसल्या असतील हे मला ठाऊक होतं. एवढ्या माणसांचे आवाज पोहोचवायचा मी, पण माझा स्वतःचा एक शब्द मला धाकटीपर्यंत पोहोचवता येईना.

गुरुवारी ती कामावरून आली, तोंड धुतलं, केस विंचरले, आणि मला समोर उशीला टेकवून ताठ बसली. तिच्या मते आज बुधवार होता. तिने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. वीस मिनिटं ती लावतच राहिली. मग ती तशीच उठली, चपला घातल्या आणि रस्त्यापलीकडच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिरली.

दुरुस्तीवाल्याने मला हातात घेतलं, तारीख पाहिली आणि हसला. त्याने बोटाने वर्ष दाखवलं. मग एकच बटण दाबून माझं घड्याळ पुन्हा माझ्या हवाली केलं आणि मला दुकानाच्या वायफायला जोडून दिलं. माझ्यावर गुरुवार उमटला.

धाकटी त्या वाराकडे बघत राहिली. पाठोपाठ दोन दिवसांचं अडलेलं सगळं धडाधड येऊन कोसळलं. अकरा न घेतलेले फोन. भाच्याचे निरोप. "मावशी, कुठे आहेस?" "मावशी, आई तुझी वाट बघतेय." आणि सगळ्यात शेवटचा, नुकताच आलेला, "ऑपरेशन झालं. आई बरी आहे. काळजी करू नको."

मधे ताईंनी बोलून पाठवलेले तीन निरोप होते. ते तिने तिथेच, उभ्या उभ्या ऐकले.

पहिला असा होता. "धाकटे, दोन वाजून गेले. उचल की."

दुसरा लांब होता. "नेट नसेल म्हणतोय हा. नसू दे. ऐक, तुझ्या निळ्या स्वेटरची बटणं लावून ठेवलीत, वरच्या खणात आहे. आल्यावर शोधत बसशील आणि मला काही ओरडून सांगता यायचं नाही. जेवत जा वेळेवर. आणि तिथल्या बायकांवर डाफरू नकोस, त्यांना भाषा कळत नसली तरी सूर कळतो हो."

तिसऱ्यात बराच वेळ नुसता श्वास होता. मग ताई म्हणाल्या, "बोल ना गं काहीतरी. मीच किती बोलू?"

दुरुस्तीवाल्याला यातलं अक्षरही कळत नव्हतं. तरी त्याने हातातलं काम खाली ठेवलं, धाकटीला स्टूल दिलं, आणि पैसे घेतले नाहीत.

दोन महिन्यांनी आम्ही परतलो. ताईंनी दार उघडलं, धाकटीला उराशी धरलं, पण त्यांच्या ओठांतून फक्त हवा आली. आता त्या वहीत लिहून बोलतात. लिहितानाही रागावतात, तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडतं.

पुढे भाच्याने मावशीला नवा फोन आणला. "जुन्यातलं ताईचं बोलणं यात घालून दे," ती म्हणाली. "करतो गं," तो म्हणाला. त्याला तीन वर्षं झाली. मुलगा वाईट नाही, कामात असतो. मी खणात आलो. धाकटी रविवारी मला चार्ज करते, पण ते निरोप लावत नाही. तिच्याने ते ऐकवत नाही.

ऐकतात त्या ताई. हे घरात कुणालाच माहीत नाही, तुम्हाला म्हणून सांगतो. सगळे कामावर गेले की त्या खण उघडतात, मला मांडीवर घेतात आणि आपलाच आवाज लावतात. उचल की, म्हणून दरडावणारा, बटणं लावली म्हणून सांगणारा. त्यांचे ओठ बरोबर हलतात. झालं की पदराने माझी काच पुसून मला होतं तसं ठेवतात.

मित्रांनो, दूरदेशी जाल तेव्हा फोनच्या घड्याळाला हात लावू नका. घरची वेळ हवी तर कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा म्हातारा फोन पडून असेल, तर त्याच्यात कुणाचा आवाज राहिलाय का, एकदा पाहा, आणि तो आजच दुसरीकडे उतरवून घ्या. उद्यावर टाकू नका. माझी पाठ फुगत चालली आहे. पूर्ण चार्ज केलं तरी मी आता दहा मिनिटांच्या वर टिकत नाही. ताईंचं बोलणं सगळं मिळून तीन मिनिटांचं आहे. तेवढं अजून माझ्याकडून होतं.