हाताला लागलेला लाल

“उपट ना, चांगुणा. बघतेस काय?”

हे मीच म्हणालो होतो. पाचवीतली चांगुणा दोन्ही हातांनी रोपाची काडी धरून बसली होती. उपटत नव्हती.

पेठजवळच्या आश्रमशाळेत मी तेव्हा मराठी शिकवायचो. साल एक्क्याऐंशी. आदल्या पावसाळ्यात मुलांनी आपण होऊन शाळेमागच्या बोडक्या टेकडीवर सागाची रोपं लावली होती. पुढे आंघोळीतलं पाणी वाचवून तांब्या-तांब्याने वर नेलं. फाल्गुनात पानं गळाली आणि नुसत्या काड्या उरल्या. तपासणीला साहेब येणार होते. मेलेली रोपं त्यांना दिसू नयेत म्हणून मी सगळी उपटायला लावली. मी नाशकात, सराफ बाजारामागे वाढलेला. झाडं बहुतेक पुस्तकांतच पाहिलेली.

स्वयंपाकघरातून नवसाबाई आल्या. हाताला नागलीचं पीठ.

“गुरुजी, काय लावलंय हे?”

“मेलेली काढतोय, बाई.”

त्यांनी ढिगातली एक काडी उचलली, नखाने साल खरवडली आणि माझ्यापुढे धरली. आत हिरवं होतं. ओलं हिरवं.

“साग हाय हा. या दिसांत पाला टाकतोच. मेला नाय, निजलाय.”

मी मुलांकडे पाहिलं. सगळी जमिनीकडे बघत होती.

“तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय,” त्यांच्यातला वाळू हळूच म्हणाला.

“मग बोलला का नाहीत?”

“आमाला वाटलं, तुमच्या पुस्तकात तसं असंल.”

नवसाबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. “चला रे, लावा परत,” एवढंच म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून रोपं परत लावली, पण मुळं तुटली होती. माफीचं एक वाक्य मी मनात जुळवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि शुद्धलेखन घातलं.

जूनमध्ये शाळा उघडली. मी एकेका काडीची साल खरवडत टेकडी चढलो. आत तपकिरी. पुन्हा तपकिरी. फक्त चांगुणाने न उपटलेलं रोप फुटलं होतं. मुलं माझ्यामागून वर आली. मी नको म्हणायच्या आत चांगुणाने शेंड्याजवळचं कोवळं पान खुडलं, माझा हात ओढला आणि तळव्यावर चोळलं. तळवा लालभडक झाला.

“गुरुजी, हे तरी ठावं व्हतं का?”

पुस्तकात काही वाचलं होतं का, ते मी आठवू लागलो. मग आठवायचं थांबवलं.

“नाही,” मी म्हणालो.

“आन् पळसाचं?” वाळूने विचारलं.

“तेही नाही.”

घंटा झाली. फळ्यावर लिहिताना खडूला लाल रंग लागत होता. मी हात धुवायला गेलो नाही.