तेवीस नंबरचा कोरडा पेला

मित्रांनो, मी जुना आहे, पितळेचा आहे आणि माझ्या पोटावर तेवीस हा आकडा ठोकलेला आहे. बटणापेक्षा मोठा, बिस्किटापेक्षा लहान. लोक मला बिल्ला म्हणतात. आयुष्यात मी एकदाच खोटं बोललो, तेही तोंड नसताना. त्या खोट्यापायी एक बाई मरणाच्या दारात जाऊन आली. तेच सांगायचं आहे, पण आधी थोडं माझं पूर्वायुष्य ऐकून घ्या. म्हाताऱ्यांना तेवढी सूट असते.

एका लहानशा वर्कशॉपात पितळेच्या पत्र्यातून मला कापलं. आम्ही चाळीस भाऊ. आकडे ठोकणारा कारागीर बाविसापर्यंत नीट आला आणि माझ्या वेळी त्याला शिंक आली. म्हणून माझ्यातला तीन जरा कलंडलेला आहे, भिंतीला टेकून उभा राहिल्यासारखा. पुढची कित्येक वर्षं मी एका कारखान्याच्या दारात छत्र्या सांभाळल्या. माणूस छत्री द्यायचा, मला न्यायचा. मला द्यायचा, छत्री न्यायचा. काम सोपं, मान बरा. मग कारखाना बंद पडला आणि आम्हा भावांची रवानगी खिळ्यांच्या डब्यात झाली. तिथे किती वर्षं गेली ते सांगता येत नाही. डब्यात ना सकाळ होते ना संध्याकाळ.

तिथून आम्हाला बाहेर काढलं ते मुकादमाने. त्याची टोळी मोठमोठ्या गोदामांच्या पत्र्याच्या छतांना पांढरा रंग द्यायची. पांढऱ्या रंगावरून ऊन परततं आणि आतला माल थंड राहतो. मी सांगतोय त्या गोदामात औषधांची खोकी होती. खोक्यांना ऊन सोसत नाही, म्हणून माणसं उन्हात चढायची. यात काहीतरी उलटंपालटं आहे असं मला वाटायचं, पण बिल्ल्याला कोण विचारतं?

मुकादमाची रीत अशी. शिडीच्या पायथ्याशी एक लाकडी बोर्ड, त्याला खिळे. वर चढताना ज्याने त्याने आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा. दर तासाला खाली यायचं, बिल्ला काढायचा, पाणीवाल्या मावशीच्या परातीत टाकायचा आणि तिच्यासमोर उभं राहून दोन पेले पाणी प्यायचं. पेल्यावरही तोच आकडा खरवडलेला. बारा वाजता सगळे खाली, ते थेट चार वाजेपर्यंत. बोर्ड मोकळा दिसला की मुकादम शिडी काढून आडवी घालायचा, कारण "एवढा एक पट्टा मारून येतो" म्हणत भर दुपारी वर पळणारे शूर त्याने पुष्कळ पाहिले होते.

लोक हसायचे. मुकादम आम्हाला बालवाडीत घालतोय म्हणायचे. मुकादमाने कारण एकदाच सांगितलं, तेही बिल्ले पुसता पुसता, कोणाकडे न बघता. त्याचा थोरला भाऊ अशाच एका छतावर दुपारी राहिला होता. खालच्यांना वाटलं तो जेवायला घरी गेला. घरच्यांना वाटलं तो कामावर आहे. त्यानंतर बिल्ल्यांवरचे विनोद थांबले नाहीत, पण बिल्ला अडकवायला कोणी विसरलं नाही.

माझी मालकीण धाकटी. टोळीत दोन जावा होत्या, त्यांना सगळे थोरली आणि धाकटी असंच म्हणत. मला अडकवण्याआधी धाकटी माझ्या कलंडलेल्या तीनवरून अंगठा फिरवायची, रोज, जणू तो सरळ होईल. थोरलीचा बिल्ला बावीस, माझ्या शेजारच्याच खिळ्यावर. थोरली तोंडाने फटकळ. धाकटीला म्हणायची, "तुझ्या चालीने गेलो तर पगार पेन्शनमध्येच मिळेल." आणि मग तिचाच डबा उचलून चालायला लागायची. धाकटीच्या चपला उन्हात राहिल्या तर सावलीत सरकवायची. धाकटीला वाकावं लागेल असं काही दिसलं की थोरली आधीच वाकलेली असायची.

त्या उन्हाळ्यात धाकटी आठ दिवस तापाने पडली. परत आली त्या सकाळी मुकादम म्हणाला की पहिले काही दिवस दहालाच काम थांबवून खाली यायचं, अंगाची उन्हाची सवय मोडलेली असते. धाकटीने कमरेवर हात ठेवले.

"हातपाय काय माहेरी ठेवून आलेय का मी?"

सगळे हसले. मुकादमही हसला. मित्रांनो, मुकादम चुकला तो इथे. हसण्यात विषय बुडाला, आणि दहा वाजता धाकटी खाली आली, पाणी प्याली, पुन्हा वर गेली. अकरालाही तेच.

अकरानंतर वारा पडला. छताला दोन उतार होते आणि मधे उंच आढं. अलीकडचा उतार रंगून झाला होता, त्यावरून ऊन असं उसळत होतं की खाली बोर्डाजवळ मलाही ते जाणवत होतं. पलीकडच्या उतारावर धाकटी लांब दांड्याचा रोलर घेऊन शेवटचा पट्टा ओढत होती. रंग जागच्या जागी सुकत होता. पट्टा अर्धा सोडला तर पुढचा रंग जुळत नाही, जोडाची रेघ राहते, आणि धाकटीला रेघ खपत नसे. बाराची शिट्टी झाली तेव्हा थोरलीने तिला हाक मारली. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं जाऊबाई, ओला आहे तोवर संपवते." हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की थोरली शिडी उतरली, तिने आपला बावीस काढला, दोन पावलं गेली, थबकली, मागे वळली आणि मला काढलं.

का? धाकटीची दोन पावलं वाचावीत म्हणून. डबा उचलायची तसंच.

परातीत मी आणि बावीस एकदमच पडलो. मावशीसमोर माणसांची रांग, एकाला पाणी, दुसऱ्याला ओरडा. थोरली दोन पेले प्याली, धाकटी मागून येतेय म्हणाली आणि सावलीला जाऊन आडवी झाली. सकाळी पाचपासून उभी असलेली बाई. डोळे मिटायला तिला निमिषही लागलं नाही.

मुकादम बोर्डाजवळ आला. त्याने खिळे पाहिले. एकावरही बिल्ला नव्हता. त्याने शिडी काढली आणि जमिनीवर आडवी घातली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, म्हणजे कान असते तर असता.

मी परातीत उताणा पडलो होतो. बोर्डाला सांगावंसं वाटत होतं, मुकादमाला सांगावंसं वाटत होतं, की मला काढणारा अंगठा तिचा नव्हता. कलंडलेल्या तीनवरून तो फिरलाच नाही. पण माझं बोलणं म्हणजे खिळ्यावर असणं किंवा नसणं, दुसरी भाषा मला येत नाही. आणि त्या क्षणी मी खिळ्यावर नव्हतो. म्हणजे मी सांगत होतो, तेवीस नंबर सुखरूप खाली आहे.

थोड्या वेळाने वरून आवाज यायला लागला. ठक. ठक. ठक. पडल्या पडल्या कोणीतरी म्हणालं, पत्रा तापलाय. खरंच होतं, तापलेला पत्रा दुपारभर असाच वाजतो, सगळ्यांच्या सवयीचा आवाज. कोणी मान वर केली नाही. गोदामाचे पंखे घरघरत होते. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा ठक, अगदी हलकेच.

त्यानंतर पत्रा वाजायचा थांबला. ऊन तर तेवढंच होतं.

मावशी पेले विसळायला बसली. तिची एक खोड होती. प्रत्येक फेरीनंतर ती पेले विसळून फडक्यावर पालथे घालायची आणि पुढच्या फेरीत पिऊन झालेला पेला डाव्या हाताला ठेवायची. त्या दुपारी डाव्या हाताला दहा पेले होते. परातीत बिल्ले अकरा. तिने पुन्हा पाहिलं. फडक्यावर एक पेला तसाच पालथा. तिने तो उचलला, आत बोट फिरवलं. बोट कोरडं. मग तिने आकडा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

ती थोरलीजवळ गेली, तिला हलवलं, धाकटी कुठे आहे म्हणून विचारलं. थोरली झोपेतच म्हणाली, असेल पलीकडच्या सावलीत. मावशी पलीकडच्या सावलीत गेली. तिथे दोन कुत्री झोपली होती. मावशी संडासापाशी गेली, गेटपाशी गेली, आणि आली तेव्हा चालत नव्हती, पळत होती. साठीची बाई, हातात रिकामा पेला.

"मुकादम, शिडी लावा."

मुकादम म्हणाला, बोर्ड मोकळा आहे मावशी, मी स्वतः बघितलाय.

"बोर्डाला तहान लागत नाही," मावशी म्हणाली. "तेवीस पाणी प्यायला आली नाही. शिडी लावा."

मुकादमाचा चेहरा मी पाहिला. तो भावाचं बोलला होता तेव्हाही असाच झाला होता. त्याने एकट्याने ती शिडी उचलली, जी एरवी दोघे उचलतात.

धाकटी आढ्यापलीकडे रंगाच्या डब्याला टेकून बसली होती, डब्याच्या वीतभर सावलीत डोकं घालून. रोलरचा दांडा अजून मुठीत. अंग भट्टीसारखं, आणि घामाचा टिपूस नाही. मुकादमाला पाहून ती म्हणाली, "दूध उतू जातंय, गॅस बंद करा." दोन गड्यांनी तिला पट्ट्याने मुकादमाच्या पाठीशी बांधलं आणि पायरी पायरी करत खाली आणलं. प्रत्येक पायरीला थोरली खालून हात वर करत होती, पोचत नसताना.

मग मावशीने ताबा घेतला. सावली, सैल कपडे, पाण्याचं अख्खं पिंप अंगावर. मानेखाली, काखेत ओली फडकी. औषधांची रिकामी खोकी फाडून चौघेजण वारा घालत होते. थोरलीने घाबरून पेला तिच्या ओठांना लावला, तर मावशीने तो बाजूला केला.

"शुद्धीत नाही ती, ठसका लागेल. अंगावर ओत."

दवाखान्याची गाडी यायला अर्धा तास लागेल असं फोनवर कळलं. गेटवर औषधांची थंड गाडी भरून उभी होती. तिच्या ड्रायव्हरने कोणाला न विचारता खोकी उतरवायला घेतली, आणि धाकटी त्या थंडाव्यात दवाखान्याकडे निघाली. खोकी तेवढा वेळ उन्हात राहिली. त्या दिवशी त्यांनी सोसलं.

मुकादम आणि मावशी तिच्याबरोबर गेले. थोरलीला गाडीत जागा झाली नाही. ती परातीजवळ येऊन बसली, तिने मला उचललं आणि मूठ मिटली. संध्याकाळपर्यंत ती मूठ उघडली नाही. इतक्या वर्षांत मला एवढं घट्ट कोणी धरलं नव्हतं, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. एकदाच म्हणाली, तेही स्वतःशी: "मीच काढला."

सहाच्या सुमाराला फोन आला. धाकटीला ओळख पटू लागली होती. पट्टा पुरा झाला का, असं विचारत होती. थोरली आधी हसली, मग जी रडली ती काही केल्या थांबेना.

धाकटी पाच दिवस दवाखान्यात होती आणि तो उन्हाळाभर तिला उन्हात काम मना होतं. इकडे मुकादमाने बोर्ड ठेवला, पण एकट्या बोर्डावर विसंबणं सोडलं. आता शिडी काढण्याआधी तो आढ्यापलीकडे स्वतः जाऊन येतो, खाली येऊन एकेकाचं तोंड पाहतो आणि मावशीला विचारतो, पेले किती? आजारपणातून उठलेला असो की नवा, पहिले दोन आठवडे त्याने दहालाच खाली यायचं. कोणी विनोद केला तर मुकादम हसतो, आणि तरीही खाली उतरवतो.

थंडीचे दिवस सुरू झाले तेव्हा धाकटी परत आली. अंगठा माझ्या तीनवरून फिरला, मी खिळ्यावर चढलो. पहिले दोन आठवडे तीही दहालाच उतरली. त्यानंतरच्या दिवशी बारा वाजता थोरली खाली आली, तिने बावीस काढला आणि सवयीने तिचा हात माझ्याकडे वळला. हवेतच थांबला. मग ती बोर्डाशेजारी उभीच राहिली. वरून धाकटीचा आवाज आला, "जा की पुढं, पाय दुखतील."

"दुखू देत," थोरली म्हणाली.

मित्रांनो, मी पितळेचा तुकडा आहे. कोणीही मला काढू शकतं, आणि मी म्हणेन ते तुम्ही खरं मानता. तेव्हा उन्हात काम करणाऱ्या कोणाची मोजदाद तुमच्याकडे आली, तर मला मोजून थांबू नका. माणूस डोळ्यांनी पाहा, आणि त्याचा पेला ओला आहे का, तो हातात घेऊन पाहा.