वाईट वाटत नाही, फादर

सेंट ओडिलिया या कॅथलिक शाळेची मूल्यं मार्लिनबाईंनी स्वतः लिहिलेली. अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये बेल्जियमहून आलेल्यांनी वसवलेल्या त्या गावात सतरा वर्षं मुख्याध्यापकी केलेली बाई, लिहायची ते खणखणीत. ‘जसं शिकवतो तसं जगतो’ हे पहिलं मूल्य. दर एप्रिलात प्रत्येक शिक्षकानं करारासोबत त्याखाली सही करायची. तीन वर्षांपूर्वी संगीत शिकवणाऱ्या जनेलनं एका घटस्फोटिताशी कोर्टात लग्न केलं. त्याचं पहिलं लग्न चर्चनं अजून रद्द ठरवलं नव्हतं, आणि तोवर दुसरं लग्न चर्चच्या लेखी पाप. मार्लिनबाईंनी याच वाक्यावर बोट ठेवून तिला घरी पाठवलं. जनेल भांडली नाही. ‘तुम्हालाही कुणी भेटो,’ एवढंच म्हणाली. आता हा आशीर्वाद की शाप, तिचं तिला ठाऊक.

भेटला. डेल त्याचं नाव. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, तोंडाला कुलूप म्हणून नाही, आणि तोही घटस्फोटितच. पहिलं लग्न रद्द ठरवून घ्यायचे त्याचे कागद चर्चच्या न्यायालयात दोन वर्षं धूळ खात पडले आणि इकडे कॅन्सरनं त्याला पोखरलं. जानेवारीत ग्रीन बेच्या इस्पितळात न्यायाधीशाला बोलावून दोघांनी लग्न केलं. एकोणीस दिवसांनी डेल गेला. बहिणीनं त्याला ओहायोला नेऊन पुरलं.

एरवी या गावात कुणी गेलं की त्या घरात बूयाची, म्हणजे कोंबडीच्या दाट रश्श्याची, पातेली ठेवायला जागा उरत नाही. बाईंच्या दारात चिटपाखरू फिरकलं नाही. नवरा होता हेच कुणाला माहीत नव्हतं, तर तो गेल्याचं कुणाला कळणार? सकाळी शाळा, संध्याकाळी कॉफी, आणि समोर रिकामी खुर्ची.

एप्रिल आला, करार आला. बाई पापनिवेदनाला फादर रेनारकडे गेल्या.

‘बाई, सोपं आहे हो,’ सगळं ऐकून फादर म्हणाले. ‘डेल आता नाही. वाईट वाटतं म्हणा, मी क्षमा देतो, विषय संपला. खुशाल सही करा.’

‘नियम मोडला, हे कबूल. पण वाईट वाटत नाही, फादर.’

‘जरासुद्धा?’

‘एकोणीस दिवस त्याचा हात हातात होता. त्याचं वाईट कसं वाटून घेऊ?’

फादर बिचारा वयानं लहान, मनानं चांगला.

‘मग क्षमा देता येत नाही मला. ख्रिस्तप्रसादही घेता येणार नाही तुम्हाला. पण माझ्याकडून हे कुठं जाणार नाही. तीन महिने मिस्साच्या प्रार्थनेत प्रसाद चुकवायला मागं दार धरून उभ्या राहताय, तशाच राहा. सही करून टाका.’

‘जनेलला दार दाखवून मी कशी सही करू?’

शुक्रवारी सकाळी बिनसहीचा करार फादरांच्या टेबलावर ठेवून बाई शाळेच्या मिस्साला आल्या. प्रसादाची वेळ झाली तशी दार सोडलं आणि दुसरीच्या मुलांच्या शेवटी रांगेत उभ्या राहिल्या. दोन्ही हात छातीवर आडवे घेतले. ज्यांना प्रसाद नाही त्यांनी असे हात घ्यायचे; फादर नुसता आशीर्वाद देतात. मागच्या बाकांवर पालकांची कुजबुज सुरू झाली. बाईंनी हात खाली घेतले नाहीत.

पुढं दुसरीतली माइसी होती. तिचं कुटुंब आग्नेय आशियातून आलेलं, ह्मोंग; बाप्तिस्मा नाही, म्हणून तिचेही हात आडवेच. तिनं वळून पाहिलं.

‘बाई, चुकलं तुमचं. हे आमचं असतं, न मिळणाऱ्यांचं.’

‘माहीत आहे गं.’

‘तुम्हाला का नाही?’

‘मी लग्न केलं.’

‘कुठंय नवरा?’

‘वारला.’ पापनिवेदनाबाहेर हा शब्द बाई गावात पहिल्यांदाच बोलत होत्या. तो तोंडातून निघाला आणि त्यांना रडू फुटलं.

रांग पुढं सरकली, पण माइसी हलेना.

‘त्याचं नाव काय होतं?’ तिनं विचारलं.