रफू आत, घडी वर

आमचं धुलाई-इस्त्रीचं दुकान आहे. तिथे एक शिस्त सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आली. कपडा कितीही विटलेला असो, कुठे फाटून रफू झालेला असो, घडी अशी घालायची की रफू आत जाईल आणि चांगला भाग वर येईल. गिऱ्हाइकाने गठ्ठा हातात घेतला की त्याला आपल्याच जुन्या कपड्याचं कौतुक वाटलं पाहिजे. सासऱ्यांनी मला शिकवलं, मी सुनेला शिकवलं. सून शिकली, पण तोंड वाकडं करून.

नातीला आम्ही ठकी म्हणतो. लाकडी बाहुलीसारखी बसवली तिथे बसते, म्हणून ठकी. आता चांगली घोड्याएवढी झाली आहे, माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघते. तिला ऑटिझम आहे. हा शब्द सुनेचा. मी शाळेचं तोंड बघितलं तेवढंच, माझ्या मते पोर अबोल होती आणि जरा हट्टी होती, बस. माझा मुलगा शिकलेला, त्याला तो शब्द पटकन कळला. कळला तसा नोकरीच्या निमित्ताने जो बाहेर पडला तो पडलाच. मागे राहिल्या आम्ही तिघी. सासू-सुनेचं पटत नाही म्हणतात. आमचंही पटत नव्हतं, पण भांडायला तरी घरात दुसरं होतं कोण?

ठकीला एक काम येतं. हॉटेलचे उशांचे अभ्रे येतात, त्यांच्या घड्या. कोपऱ्याला कोपरा असा लावते की सुई शिरणार नाही. पण एखादा अभ्रा धुण्यात आटलेला असला आणि कोपरे जुळले नाहीत, तर स्वतःच्या मनगटाला कडकडून चावते. म्हणून सून आधीच आटलेले अभ्रे निवडून बाजूला काढते. टॉवेल, चादरी, शर्ट, ह्यांना ठकी हात लावत नाही. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही. गिऱ्हाइकाला दिसतो तो अभ्र्यांचा ढीग, आणि त्यामागे शांत बसलेली, वेणी घातलेली मुलगी.

बोलणं तिचं उसनं. कुणी ठासून बोललं की ते वाक्य तिच्यात जाऊन बसतं, आवाजासकट. एकदा टेम्पोवाला गाडी मागे घेताना ओरडला, "मागे हो, मागे हो", तर थंडीभर ही बाई त्याच्याच घोगऱ्या आवाजात आम्हाला मागे सारत होती. मी म्हटलं, उसनं तर उसनं, निदान चांगलं घे. काउंटरशी उभी राहून माझ्या ठसक्यात रोज तेच तेच बोलून मी तिच्याकडून घोकून घेतलं: "या, बसा. मी बरी आहे. मला घड्या येतात." तिन्ही वाक्यं ती एका दमात म्हणायची. पोस्टमनला, पाहुण्यांना, दारात आलेल्या कुत्र्यालासुद्धा. कुत्रं बसायचंदेखील. लोक म्हणायचे, किती छान बोलते हो तुमची नात. मी मान ताठ करून म्हणायचे, मग, आहेच छान.

पण मग माझं काळीज कुरकुर करायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गरम इस्त्री सोडा, उभं राहणं सोडा. मी म्हटलं, श्वास तेवढा घेऊ ना? सुनेची इस्पितळाच्या धोबीखान्यात पाळीची नोकरी, ती सुटली तर चूल विझली. म्हणजे मी गेले की ठकीला दिवसा सांभाळायला कोणी नाही. सुनेने चौकशा केल्या. गावाच्या कडेला अशा मोठ्या मुलांचं एक केंद्र होतं, पुढे राहण्याचीही सोय होती. तिथल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं की अपंगत्वाची सरकारी मान्यता आणा, भत्ताही सुरू होईल आणि इथली जागाही मिळेल. मान्यतेशिवाय मला दार उघडता येत नाही, म्हणाल्या.

तर मान्यतेसाठी अर्ज गेला आणि तपासणीचं बोलावणं आलं.

त्या सकाळी मी ठकीला न्हाऊ घातलं, घट्ट वेणी घातली, कांजी केलेला पांढरा कुडता घातला. सून दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, जशी आहे तशी नेऊ या तिला."

"लोकांच्या दारात जायचं तर नीट जायचं. भीक मागायला चाललो आहोत का?"

"भीक नाही, हक्क आहे. पण त्यांना दिसायला तर हवं."

मी म्हटलं, "तुझं तोंड सुटलं की पोरीची सगळी अब्रू टेबलावर. तू गप्प बस, मी बोलते."

तपासणीवाली पोरसवदा होती, गोड बोलणारी. तिथेच मी फसले. खाष्ट असती तर मी सावध झाले असते. आम्ही आत गेलो तशी ठकीने खणखणीत सुरू केलं, "या, बसा. मी बरी आहे. मला घड्या येतात." ती बाई स्वतःच्याच खोलीत बसायचं आमंत्रण ऐकून हसली. आंघोळ करते का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, रोज, हिच्याइतकी स्वच्छ मुलगी मला दाखवा. कोण घालतं ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. राग आला की काय करते? मी म्हटलं, राग? आमच्या घरात राग फक्त मला येतो. ती पुन्हा हसली आणि कॉम्प्युटरवर काही टाइप केलं. काही काम करते का? ह्याची तर मी वाटच बघत होते. पिशवीतून अभ्रे काढून ठकीपुढे ठेवले, मीच घरून निवडून आणलेले, एकही आटलेला नाही. ठकीने घड्या घातल्या. बाई म्हणाली, वा.

टेबलाखाली सून माझा गुडघा दाबत होती. मी गुडघा बाजूला घेतला. ती म्हणू लागली, "मॅडम, हे तेवढंच येतं तिला, बाकी..." मी तिला तिथेच अडवलं. म्हटलं, ही दिवसभर कामावर असते हो, घरात मी असते, मला विचारा.

बाहेर पडताना मला वाटलं, मैदान मारलं. इतकी गुणी मुलगी बघून कोण नाही म्हणेल?

नकाराचं पत्र सुनेने वाचून दाखवलं. संवाद साधते. स्वच्छता राखते. वर्तन शांत. हलक्या कामास सक्षम. एकेक वाक्य माझंच होतं, नुसतं धुऊन इस्त्री करून परत पाठवलेलं. शेवटी, सबब अपात्र. सुनेने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. तिने पत्र दुमडलं आणि म्हणाली, "तुम्ही तिची घडी फार सुरेख घातलीत, आई." असं बोलायला ती माझ्याकडूनच शिकली.

फेरतपासणी मागायची मुदत होती. सून म्हणाली, या वेळी मी बोलणार. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझ्या मनात अजून होतं की ह्या लोकांना माणसाची पारख नाही.

मग एके दुपारी काउंटरमागे माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली पडले. शुद्ध होती, पण हात-पाय हलेनात, आवाज फुटेना. डोळ्यांसमोर फरशी, आणि ठकीचे पाय. तिने एकदा वाकून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा अभ्रे. घडीचा फटकारा ऐकू येत होता, एकामागून एक. अभ्रे संपले तशी ती खाली बसली. माझ्या साडीचा पदर जमिनीवर पसरला होता, त्याचे कोपरे धरून जुळवायला लागली. जुळेनात. ती मनगट चावायला लागली.

तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या शाळेतले निवृत्त मास्तर, खाकरण्यावरून ओळखलं मी. वाटलं, वाचले. ठकी उठली.

"या, बसा. मी बरी आहे. मला घड्या येतात."

"शाबास. आजी नाहीत वाटतं? येतो मग नंतर."

काउंटर उंच आहे आमचं. दार पुन्हा वाजलं. मी तिथेच पडून होते, सुनेची पाळी सुटेपर्यंत. जीव गेला नाही माझा. पण पडल्या पडल्या जे कळलं ते असं, की तो गेला असता तरी ठकीने येणाऱ्या प्रत्येकाला बसा म्हटलं असतं आणि माझ्या मढ्याच्या पदराचे कोपरे जुळवत राहिली असती.

फेरतपासणीला टेबलामागे तिघं होते. मधल्या साहेबांपुढे जुने कागद. साहेब वाईट नव्हते, पण कागद माझ्या बाजूने बोलत होते, म्हणजे ठकीच्या विरुद्ध. सुनेने सुरुवात केली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे मला म्हणाले, "आजी, मागच्या वेळी तर तुम्हीच हे सगळं उलट सांगितलं होतं. खरं काय?"

सून माझ्याकडे बघत नव्हती. टेबलाकडे बघत होती.

मी विचारलं, पोरीला जरा बाहेर बसवू का? ते म्हणाले, बसवा, पण एकटी बसेल का ती? तिला बाहेर न्यायचं तर सून जाणार, आणि सुनेची सही-साक्ष तर इथे हवी. ठकी माझ्याशेजारीच राहिली. मी तिच्या मांडीवर एक अभ्रा ठेवला, हात गुंतलेले बरे.

मग मी बोलले. दबक्या आवाजात बोलणं मला आयुष्यात जमलेलं नाही, जे बोलते ते काउंटरवरच्या आवाजात. आंघोळ मी घालते. महिन्याची अडचण आली की आम्ही दोघी धरून कपडे बदलतो, आणि तेव्हा सुनेच्या गालावर जे ओरखडे उठतात ते ती कामावर मांजरीचे म्हणून सांगते. आमच्याकडे मांजर नाही. रात्री अंथरूण अजून ओलं करते. तापाने फणफणली तरी सांगत नाही. रस्ता दिसला की चालायला लागते, गाडी दिसत नाही तिला. मी मरायला टेकले होते तर पदराची घडी घालत बसली. सगळं सांगितलं. घराण्यात कुणी परक्यापुढे सांगितलं नसेल असं. साहेब लिहीत होते, आणि मला वाटलं अजून पुरेसं झालं नाही, मागच्या वेळचं खोडायचं तर ह्याहून ठासून सांगायला हवं.

मी म्हटलं, "हिला काही येत नाही. एकटी सोडली तर ही जगायची नाही."

घडीचा आवाज थांबला. मी बघितलं तर अभ्रा अर्धा दुमडलेला, ठकीचे हात त्याच्यावर तसेच. चेहऱ्यावर काही नाही. चेहऱ्यावर तिच्या कधीच काही नसतं.

साहेबांनी चष्मा काढला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"आमच्याकडे डाग वर ठेवून घडी घालत नाहीत, साहेब."

मान्यता मिळाली. भत्ता मिळाला, केंद्रात जागा मिळाली. सुनेने पत्र वाचलं आणि प्रथमच माझ्यासमोर रडली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तोही प्रथमच.

पण ठकीने फेरतपासणीच्या दिवसापासून अभ्र्याला हात लावला नाही. पुढ्यात ठेवला तर बघत राहायची. काही दिवसांनी मास्तर आले, धुतलेली शाल न्यायला. ठकी म्हणाली, "या, बसा." आणि मग माझ्या आवाजात, माझ्याच ठसक्यात, "हिला काही येत नाही. एकटी सोडली तर ही जगायची नाही."

मास्तरांनी शाल घेतली. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी घरात पोरीला रोज हेच ऐकवत असेन.

मी सगळं करून बघितलं. तिच्याशेजारी बसून तिच्याहून ठासून म्हणत राहिले, मला घड्या येतात, मला घड्या येतात. घसा बसला. सून म्हणाली, "पुरे करा आई, आता गिऱ्हाइकं तुम्हाला तपासणीला पाठवतील." मला हसवावं म्हणून म्हणाली ती. दोघीही हसलो नाही.

केंद्रात सोडायला आम्ही दोघी गेलो. स्वच्छ जागा, खिडक्या मोठ्या, भिंतीला टेकून बाकं. तिथल्या बाई दारात आल्या, ठकीसमोर वाकून मायेने म्हणाल्या, "ये गं. काय काय येतं तुला?"

मनात म्हटलं, म्हणेल, आज म्हणेल.

"हिला काही येत नाही," ठकी म्हणाली.

बाई सरळ झाल्या. ठकीला आत पाठवून, दार लोटून घेतलं आणि मला बाजूला नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, राग मानू नका, पण असं तिच्यासमोर बोलत जाऊ नका. ही मुलं सगळं ऐकत असतात."

सून काही सांगायला पुढे झाली. मी तिचा हात धरला.

"बरं," मी म्हटलं.