कागदाएवढी फट

पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, अंगठ्याच्या नखावर मावेल एवढं. तेरा दात. पोलादाचं, काळपट, मधल्या भोकापाशी किंचित निळी झाक. जेरोमने ते चष्म्याजवळ धरून फिरवलं आणि त्याला वाटलं, एवढासा जीव, पण दात खरे आहेत बरं का... बोटीच्या गिअरबॉक्समध्ये असतात तसेच, फक्त तिकडचा एकेक दात अंगठ्याएवढा. हे मोटरच्या दांड्यावर बसायचं, शेजारच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चाकाला फिरवायचं, आणि त्या चाकाने गाडीची चारही चाकं फिरवायची. दोघांच्या दातांमध्ये फट किती ठेवायची, एवढाच प्रश्न. जास्त राहिली तर दात दातावर आपटणार, कमी राहिली तर एकमेकांना चावत बसणार. एकसष्ट वर्षांच्या माणसाने सकाळी नऊ वाजता, चहा निवत ठेवून, विचार करत बसावं असा प्रश्न आहे का हा? — आहे. का नाही?

गाडीसोबतच्या पुस्तिकेत त्याचं उत्तर चित्र काढून दिलं होतं. दोन चाकांच्या मध्ये कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून धरा, स्क्रू आवळा, मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढा. कागद जेवढा जाड तेवढी फट राहते. ते चित्र पाहून जेरोमला परवा मोठ्याने हसू आलं होतं. कागद! चाळीस वर्षं उत्तनच्या बोटींची इंजिनं मी कानाने लावली, किनाऱ्यावर उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगितलं की कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बसत नाही, आणि आता या रिमोटच्या गाडीसाठी कागद लावू? ही रॅलीची गाडी मुळात मुलाची, ॲलनची. पोराने जहाजावरून उतरताना सुट्या भागांचं खोकं आणलं आणि न उघडताच कपाटावर टाकून पुन्हा जहाजावर गेला. दीड महिन्यापूर्वी जेरोमने ते खाली काढलं. बायको कार्मिन म्हणाली, "म्हातारचळ लागला रं तुला." लागू दे.

पण नुसतं चित्रात आहे तसं जोडायला तो काय दुकानदार होता? चाकांच्या दांड्यांचे प्लॅस्टिकचे बुश फेकून नवघरच्या गाळ्यातून वाटाण्याएवढ्या बॉल बेअरिंगा आणल्या. दुकानदार म्हणाला, "अंकल, खिलौने के लिए इतना?" जेरोमने उत्तर दिलं नाही. वाळूत पोट घासू नये म्हणून गाडी बोटभर उंच केली, खाली बोटीच्या डागडुजीतून उरलेल्या फायबरची थाळी घडवून लावली, रिमोटचा संदेश पकडणारी डबी पाण्यापासून वाचवायला फुग्यात भरून नायलॉनच्या जाळ्याच्या दोऱ्याने बांधली. वरचं कवच बोटीसारखंच रंगवलं, निळं, खाली लाल पट्टा. कार्मिनने पाहिलं आणि म्हणाली की एवढं केलंस तर पुढे नाळेवर क्रूस पण काढ, बिनाक्रूसाची कशी सोडशील पाण्यात? ती चेष्टा करत होती. त्याने बॉनेटवर छोटा पांढरा क्रूस काढला.

फोन थरथरला. टेबलावर होता म्हणून कळलं. आत गादीवर असता तर...

"अंकल," रुबेनचा आवाज, जाड, बोटीवरच्या माणसाचा, तो नीट येतो, "चार वाजता भरती हाय. बर्फ भरून झाला. तुम्ही एकदा येऊन गिअरबॉक्सला कान लावून जा, मग सुटतो आम्ही."

"येतो."

"तुम्ही हो बोललात की बस. मग आठ दिवस टेन्शन न्हाय."

फोन ठेवल्यावरही त्याचा हात तिथेच होता. गेल्या वेळीही त्याने कान लावला होता. गेल्या वेळीही 'फर्स्ट क्लास' म्हणून रुबेनच्या पाठीवर थाप मारली होती, आणि दुसऱ्या दिवशी खोल पाण्यात गिअरबॉक्सचं बेअरिंग फुटलं. रुबेन आणि चार खलाशी पंधरा तास लाटांवर लोळत राहिले, शेवटी चौक गावच्या एका बोटीने दोर टाकून ओढून आणलं. रुबेन काय म्हणाला? "बेअरिंगच खोटं निघालं अंकल, तुमचा काय दोष." चांगला पोरगा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बेअरिंग फुटायच्या आधी ओरडतं. बारीक, लांबट ओरडतं, दोन-दोन दिवस ओरडतं, आणि माझा कान त्याच्यापासून वीतभर होता. नवीन बेअरिंग मीच बसवलं, ते ठीकच असेल... असेलच. पण मला ऐकू आलं नव्हतं की ते ओरडलंच नव्हतं? हे एवढंच कळायला हवं होतं, आणि कोणाला विचारायची सोय नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून हे पिनियन. यंत्र छोटं, इथे चुकलं तर कोणी बुडत नाही. ही फट कानाने लागली तर चार वाजता बोटीवर जायचं. नाही लागली तर... त्या 'तर'च्या पुढे तो दीड महिना गेला नव्हता.

कार्मिन बोंबील काढायला किनाऱ्यावर गेली होती. घरात कोणी नव्हतं. त्याने गाडी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर ठेवली, चारही चाकं अधांतरी, मोटरचे स्क्रू जरा ढिले. रिमोटचा घोडा हळूच ओढला. चाकं फिरली. कान जवळ नेला... चाकांचा वारा कानाच्या पाळीला लागत होता. आवाज नव्हता. मोटर केसभर सरकवली. गप्प. आणखी सरकवली. तरी गप्प. वा रे जेरोम! हात अजून शाबूत आहे, कुठेही ठेव, बोलतच नाही बिचारी — आणि मग तो थांबला. कुठेही ठेवलं तरी? दात सुटायला आले तेव्हाही आणि दातात दात रुतले तेव्हाही, सारखंच गप्प? असं कुठलं यंत्र असतं?

नवलच वाटलं त्याला. आधी नवल वाटलं, भीती नंतर. विजेवरची मोटर, प्लॅस्टिकचं चाक, नसेल करत आवाज, असं म्हणून त्याने स्क्रू आवळले, आणि आवळताना हात नको तेवढा जोर लावत होता. मग सवयीने बोटीच्या ग्रीसचा डबा उघडला. समुद्राला दयामाया नसते, उघडं लोखंड म्हणून ठेवायचं नाही, हे त्याचे उस्ताद पास्कू मेस्त्री पहिल्या दिवशी शिकवून गेले होते. त्याने दोन्ही चाकांच्या दातांवर बोटभर ग्रीस थापलं आणि समाधानाने हात पुसले.

दुपारी तीनला तो किनाऱ्यावर आला. भरती बरीच चढली होती, पाण्यालगत ओल्या वाळूचा टणक पट्टा उरला होता. वर वलांडींच्या बांबूंवर बोंबलांच्या जोड्या सुकायला लटकलेल्या, खाली कार्मिन आणि दोघीतिघी टोपल्या घेऊन. पलीकडे रुबेनची बोट, खलाशी डिझेलचे कॅन चढवताना दिसत होते. जेरोमने गाडी वाळूवर ठेवली. का कोण जाणे, बॉनेटवरच्या क्रूसाला बोट लावून ते कपाळाला लावलं, आणि घोडा ओढला.

अरे देवा, काय सुटली! वाळूचा फवारा मागे, निळं कवच उन्हात. वळवली तर मागचा भाग बाहेर फेकला गेला आणि नाक मात्र आत, आणि जेरोम पाहतच राहिला, कारण रस्त्यावरची गाडी पुढून वळते आणि बोट मागून वळते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, पण ही गाडी असून बोटीसारखी वळत होती. असं कसं? वाळू पाण्यासारखी वागते म्हणून? की वेग असला की सगळंच पाणी होतं? पुन्हा वळवली. पुन्हा तसंच. तो हसत होता. वरच्या बायकाही बघत होत्या, दोघींनी तर कानावर हात नेले होते — म्हटलं, थक्क झाल्या. कुत्री उठून पळाली. कार्मिन टोपली टाकून त्याच्याकडे धावत येत होती, तोंड उघडं, हात हलवत, म्हटलं, चला, बायकोला पण आवडली...

"अरं बंद कर ते! बंद कर!" ती पोचली तेव्हा ऐकू आलं. "कान फाटले आमचे!"

त्याने घोडा सोडला. गाडी थांबली.

"काय झालं?"

"काय झालं? किती ओरडते ती! वलांडीपर्यंत..." आणि कार्मिन मध्येच थांबली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. 

जेरोमने गाडी उचलून कवच काढलं. ग्रीसमध्ये वाळू माखली होती. काळं ग्रीस, पिवळी वाळू, आणि त्यात पांढरा भुगा, म्हणजे चाकाचे दात. बोटीवरचं शहाणपण वाळूवर नेलं की असं होतं, गाढवासारखं. पण चुकीचं त्याला एवढं वाईट वाटलं नाही. एवढा भुगा होईपर्यंत ती ओरडत होती, सगळ्या किनाऱ्याने ऐकलं, कुत्र्यांनी ऐकलं, आणि तो मध्ये उभा राहून हसत होता.

"कधीपासून कळलं तुला?" त्याने विचारलं. तिला विचारलं, हेच त्याला नवल.

कार्मिन वाळूत बसली. पदराने हात पुसले, ते पुसलेलेच होते.

"दाराची ती चिमणीवाली बेल," ती म्हणाली.

"ती तर गेल्या वर्षी ईस्टरला बिघडली."

"न्हाय बिघडली. लोक दाराशी उभे राहायचे, तू आत बसलेला. रोझीबाय बोलली, जेरोमला गर्व चढला, दार उघडत न्हाय. म्हणून मी जाड आवाजाची बेल आणली. तुला बोलले, जुनी बिघडली."

"पण मी तपासली ना ती! बॅटरीला लावली, तारा बघितल्या..." तारा बघितल्या, बत्ती लागत होती, आवाज नव्हता. त्याने ती हातात धरून, कानाशी हलवून सांगितलं होतं, मेली, टाकून दे. आणि कार्मिन तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"ओरडत होती तुझ्या हातात," कार्मिन म्हणाली. "दोन मिनटं. तू माझ्याकडे बघून बोललास, मेली. मी बोलले, हो, मेली."

त्याला राग यायला हवा होता. आलाही, पण कोणावर ते ठरेना, आणि तोवर दुसरंच काही वर आलं. हातात ती पिवळी डबी, आतली चिमणी जीव खाऊन ओरडतेय, आणि मी तिला मेली म्हणतोय, आणि दारात ही... दीड वर्ष ही एकटी ऐकत होती. मी एकटा लपवत होतो आणि ही एकटी लपवत होती, एका घरात, एका ताटावर. लाज वाटली. आणि लाजेच्या खाली, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं.

पिशवीतून त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. पास्कू मेस्त्री म्हातारपणी इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला न लावता दातात धरायचे, लाळ गळायची, आणि आम्ही पोरं मागे उभं राहून हसायचो. मेस्त्रीची खोड... खोड होती ती? की मेस्त्रींना पण...? चाळीस वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदा पडला.

त्याने टोक मोटरच्या पाठीवर टेकवलं, मूठ दातात धरली, आणि घोडा अगदी जरासा ओढला.

आलं. कानात नाही, जबड्यात. डोळ्यांच्या मागे कुठेतरी. भातात खडा लागावा तशी कचकच, आणि तिच्या वर एक बारीक थरथर, दाढेपासून कानशिलापर्यंत चढणारी. हा आवाज म्हणायचा का? त्याला माहीत नव्हतं. त्याने घोडा सोडला, पुन्हा ओढला, पुन्हा आलं.

"कार्मिन," तोंडातली मूठ काढून तो म्हणाला, "तुला कसं ऐकू येतं ते सांग. कसं म्हणजे, कशासारखं?"

"आता काय सांगू... विळीवर खोबरं खवताना करवंटी लागते ना, तसं."

"आणि वर? बारीक काही?"

तिने मान वाकडी करून ऐकलं. "हाय. एक शिट्टी हाय. लांब. बंद होत न्हाय."

म्हणजे ती थरथर तीच शिट्टी. त्याने चिंधीने ग्रीस पुसलं, वाळू पुसली, एकेक दात कोरडा केला. स्क्रू ढिले केले. मग पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानाची पट्टी फाडली, दोन चाकांच्या मध्ये सरकवली, मोटर दाबली, आवळली, चाक फिरवलं. पट्टी बाहेर आली, दातांचे ठसे घेऊन. घोडा ओढला. दातात आता कचकच थोडीशीच उरली, भुगा गेलेल्या दातांची.

"कसं?"

"करवंटी गेली," कार्मिन म्हणाली. "शिट्टी हाय, पण बारीक."

बारीक म्हणजे किती? चांगल्या गिअरची शिट्टी असतेच, ती कुठे संपते आणि खोट्या बेअरिंगची कुठे सुरू होते, हे दातांना कळेल का? जबड्यात वेगळं लागेल का ते? कसं लागेल?

बोटीवरून रुबेन हात हलवत होता. इंजिनाचा पहिला ठोका आला, जाड, छातीवर बसणारा. तो नेहमीच येतो.

"चल," जेरोम उठला. "बोटीवर."

"मी? मी काय करू बोटीवर?"

"मी स्क्रू-ड्रायव्हर धरीन. तू सांग."

"वेडा झालास? पोरं हसतील. इंजीन ऐकायला बायको आणली."

"हसू दे."

रुबेनला काय सांगायचं, गेल्या वेळचं सांगायचं का, हे त्याने ठरवलं नव्हतं. पाच माणसं आठ दिवस पाण्यावर असणार होती. भीती होती, सकाळपेक्षा जास्तच होती. तरी चालताना त्याच्या डोक्यात दुसरंच फिरत होतं, की एवढा मोठा गिअरबॉक्स, नवं बेअरिंग, ते कार्मिनच्या तोंडून काय बोलेल... करवंटी, खलबत्ता, की असं काही, ज्याचं नाव तिलाही सापडणार नाही? ती मागे राहिली होती, वाळूतून चपला ओढत. तो थांबला, ती बरोबर येईपर्यंत.